हंबीररावांचं अपील

शिरोलीच्या फाउंड्रीत, भट्टीपुढं हंबीररावांनी उभा जन्म काढला. पण पोटच्या पोराला आगीचा धाक कधी घातला नाही.

एकोणीस वर्षांच्या यशराजनं मित्राच्या वाढदिवसाला भर गल्लीत फटाक्यांची माळ लावली. शेजारच्या कालिंदीबाई "आरं, माझा गोठा हाय हितं!" म्हणून ओरडत होत्या आणि पोरं खिदळत होती. ठिणगी कडब्यावर पडली. गोठा जळाला, दावणीची म्हैस जागच्या जागी होरपळून मेली. खालच्या कोर्टानं यशराजला वर्षाची शिक्षा ठोठावली.

हंबीररावांनी अपील केलं. वकिलाचं बोलून झाल्यावर सेशन कोर्टात ते हात जोडून ढसाढसा रडले. "अजाण हाय हो पोरगं. पुन्यांदा काडीला हात लावायचं न्हाय." जज्जसाहेबांनी पोराचं वय बघितलं आणि चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर त्याला सोडून दिलं.

आपल्याकडं नुसता जामीन झाला तरी मिरवणूक निघते. ही तर सुटका होती. गल्लीत हलगी कडाडली, गुलाल उधळला. मित्रांनी लांबलचक माळ अंथरली आणि हंबीररावांनी स्वतःच्या खिशातली काडेपेटी काढून यशराजच्या हातात दिली.

कालिंदीबाई या खेपेला ओरडल्या नाहीत. नव्या गोठ्यात शिरल्या आणि नव्या म्हशीचं दावं सोडू लागल्या.

हंबीररावांना हसू आवरेना.

"आता कशाला भ्याचं, कालिंदाक्का?" ते गल्लीभर ऐकू जाईल असं म्हणाले. "कोर्टानं सोडलाय की त्याला!"