मीटरवाल्याचा पाय

अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांच्या जिन्याखाली वाकून विजेचे मीटर वाचले, तरी मीटरवाले काका म्हणजे धीट माणूस असं कुणी म्हणणार नाही. फाटकाची कडी दोनदा वाजवायची, कुत्रं आहे का ते ऐकायचं, मगच आत पाऊल. निवृत्तीनंतर ते स्वतःच्या घराचं दारही तसंच वाजवतात, आणि लेक आतून म्हणते, "या बाबा, कुत्रं बांधलंय."

याला कारण एकच दुपार. असेच वाकून आकडे टिपताना मागून कुत्र्यानं पोटरी धरली होती. जखम महिन्यात भरली, पण तेव्हापासून पोटरीला मागून काहीही लागलं की पाय आपोआप झटकला जातो. डॉक्टर म्हणाले होते, "मेंदूतली धोक्याची घंटा आधी वाजते, काय लागलं ते मागाहून कळतं. तुमचा त्यात दोष नाही." काकांना हे बोलणं फार आवडलं होतं.

लेक कामावर गेली की तीन वर्षांचा नातू काकांकडे. एके दिवशी कपाटाखाली गेलेला चेंडू काढायला ते ओणवे झाले, आणि नातवानं लाडानं मागून त्यांच्या पोटरीला मिठी मारली. पाय झटकला गेला. पोर टेबलावर आपटलं, ओठ फुटला.

इथवर पायाचं काम. पुढचं सगळं काकांनी स्वतः केलं. लेक यायला दोन तास होते. तिला कळलं तर ती मुलाला पाळणाघरात ठेवील, आणि मग दिवसभर घर खायला उठेल, हा हिशेब त्यांनी शांतपणे मांडला. ती आल्यावर म्हणाले, "पळताना पडला."

"आजोबांनी लाथ मारली," नातू म्हणाला.

"खोटं बोलायचं नाही हं. आजोबा मारतात का कधी?" लेक त्याला म्हणाली.

नातवानं आजोबांकडे पाहिलं. काकांनी पेपर तोंडासमोर धरला. इतकं हलकं आपण आयुष्यात वागलो नाही, हे त्यांना तिथेच कळत होतं, तरी पेपर काही खाली आला नाही.

त्यानंतर ते नुसते वाकले तरी नातू दोन पावलं मागे सरायचा. त्याच्या डोक्यातही आता घंटा बसली होती, आणि ती काकांनी बसवली होती.

चौथ्या दिवशी सकाळी लेक त्याच्या ओठाला मलम लावत होती. तिनं काही विचारलं नव्हतं, तरी पोरगं आपणहून म्हणालं, "मी पळत होतो. पडलो."

काकांनी हातातला पेपर खाली ठेवला.

"अगं, तो पळत नव्हता," ते म्हणाले, आणि मान खाली घालून सगळं सांगून टाकलं. डॉक्टरांचं बोलणं मात्र त्यांच्या तोंडून निघालं नाही.

लेकीनं मलमाचं बोट पुसलं. "पाय झटकला ते मी समजू शकते, बाबा. पण मी त्याला खोटारडा ठरवलं, आणि तुम्ही बसून ऐकलंत." मलमाचं झाकण लावून ती उठली. "आता मला नाही, त्याला सांगा."

काका नातवासमोर गुडघ्यांवर बसले. डोक्यावरून फिरवायला हात उचलला, तसे त्या पोरानं डोळे घट्ट मिटून घेतले. काकांनी दोन्ही हात पाठीमागे नेले, एकमेकांत धरून ठेवले, आणि मग बोलायला सुरुवात केली.