टँकर थोड्या वेळात

शहर वाढत वाढत डोंगरापर्यंत गेलं, पण नळ काही त्याच्या मागं गेला नाही. दुष्काळाच्या त्या वर्षी वैदेहीच्या वसाहतीचा सगळा कारभार टँकरवर होता. फाटकाबाहेर निळे ड्रम आणि ड्रमांजवळ घरातलं एक माणूस. माणूस दिसलं नाही की टँकर पुढं निघून जाई.

टँकर कधी येणार हे सांगणारं अ‍ॅप वैदेहीच्याच कंपनीनं केलं होतं. त्यातले शब्द तिचे. ‘एकशे वीस मिनिटांत’ असलं कोरडं काही लिहायला तिनं साफ नकार दिला. माणसं बोलतात तसं तिनं लिहिलं, ‘थोड्या वेळात’. त्या शब्दांवर पोरगी भलतीच खूश होती.

तिची आई यमुनाबाई त्याहून खूश. लेकीनं लिहिलंय म्हणजे येणारच! टँकर भरायच्या रांगेत दिवसभर अडकला, तरी मोबाइलवर आपलं ‘थोड्या वेळात’, आणि यमुनाबाई खुर्ची टाकून ड्रमांजवळ. वैदेही म्हणे, “मी सुटी काढते, तू जा.” पण ड्रम भरणं दुसऱ्याच्या हाती सोपवतील तर त्या यमुनाबाई कसल्या!

त्यांना जायचं होतं गंगापूरला. थोरली बहीण केसरबाई तिथं अंथरुणाला खिळली होती आणि रोज फोनवर विचारायची, “यमे, कधी येतीस गं?” एका संध्याकाळी वैदेही घरात शिरली, तेव्हा आई बहिणीला सांगत होती, “येते गं अक्का, थोड्या वेळात.”

वैदेही चप्पल काढता काढता थांबली. आपलाच शब्द आईच्या तोंडून असा ऐकून तिला रडूच आलं.

दुसऱ्या दिवशी तिनं तो शब्द अ‍ॅपमधून काढून टाकला. टँकर येणार नसेल तर काय दिसावं, हे नव्यानं लिहिलं: ‘आज टँकर नाही. निवांत बाहेर जाऊन या.’

तिचे साहेब मंदार हसले. “अगं, आपण टँकरचं सांगायचं. लोकांनी बाहेर जावं की नाही, हे कशाला?”

“सर, लोक टँकरची वेळ विचारतच नाहीत. आपण मोकळे कधी, ते विचारतात.”

मंदार म्हणाले, “ठेव बाई.”

पुढच्याच आठवड्यात यमुनाबाईंनी ते वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि ठेवणीतलं पातळ नेसून गंगापूरची एसटी धरली.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. मागं केसरबाईंचं हसणं ऐकू येत होतं.

“वैदू, इथं दाखवतंय, टँकर उद्या दुपारनंतर. नक्की ना गं?”

“नक्की. आता उगाच काही लिहीत नाही मी.”

“मग आज राहते,” आई म्हणाली. “अक्काची वेणी घालायचीय.”