पुढची दोन चाकं

रोहिणीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. “बाबा गेले गं… चहा घेता घेता.” त्याला आता सहा आठवडे झाले.

तिचे वडील, मनोहरकाका, रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होते. निवृत्तीनंतर अमेरिकेत पिस्कॅटवेला लेकीकडे आले आणि घरात बसून कंटाळले. मी शेजारीण. २००५च्या उन्हाळ्यात त्यांनी मला विचारलं, “मीनल, शनिवारी फ्री आहेस का? पेनसिल्व्हेनियात म्हणे एक जुनं इंजिन आहे, ड्राइव्ह करशील?”

म्युझियमच्या शेडमध्ये ते उभं होतं. कोळशाच्या मालगाड्या ओढलेलं, सव्वाशे वर्षांहून जुनं. मी फोटो काढत होते तोवर काका त्याच्या पोटाखाली शिरले. बाहेर आले ते कोपरापर्यंत काळे होऊन.

“ही माहितीची पाटी चुकलीय. मोठी आठ चाकं मूळची, पण पुढची ही दोन छोटी नंतर जोडलीत.”

तिथला म्हातारा स्वयंसेवक वॉल्ट नम्रपणे म्हणाला, इंजिन जसंच्या तसं आहे. मी दोघांमध्ये दुभाषी. काकांनी पुढचा एक नट सोडवून मागितला. पुढच्या बोल्टांवर तो सरसर फिरला, मागच्या एकावरही चढेना. “आटेच वेगळे. हे एका काळचं काम नाही,” काका म्हणाले. वॉल्टने नट घेऊन स्वतः दोन्हीकडे लावून पाहिला… ती पाटी त्यानेच लिहिली होती, हे आम्हाला नंतर कळलं. निघताना त्याने विचारलं, “सर, पुढच्या शनिवारी याल?”

मग जवळजवळ प्रत्येक शनिवार तिथेच. काकांचं इंग्रजी तोडकंमोडकं, पण पाना हातात असला की दोघांचं अडायचं नाही. हिवाळ्यात जुन्या दुरुस्ती-वह्यांत नोंद सापडली: वळणावर इंजिन रुळावरून उतरायचं, म्हणून चौकट पुढे वाढवून चाकं बसवली. वॉल्टने स्वतः पाटी पुन्हा रंगवली. मी काकांचं अभिनंदन केलं, तर ते कुरकुरले, “का केलं ते कळलं गं. पण केलं कोणी? त्या फिटरचं नाव कुठाय?”

परवा रोहिणीला घेऊन तिथे गेले. काकांचा निळा डगला वॉल्टने खुंटीवरून हलवलेला नव्हता. रोहिणीने तो छातीशी धरला, तेव्हा खिशात कागद कुरकुरला. इंजिनाच्या पुढच्या चौकटीवर ठेवून पेन्सिल घासलेला कागद. त्यावर छिन्नीने कोरलेली दोन अक्षरं उमटली होती, जे आणि टी. खाली काकांच्या अक्षरात एक ओळ.

“काय लिहिलंय?” वॉल्टने विचारलं.

“हा कोण?” मी सांगितलं.

त्याने डोळे पुसले, चष्मा चढवला, आणि कपाटातून कामगारांच्या हजेरीची वही काढून आमच्यासमोर उघडली.