वहिनींची आडवी सरासरी

वहिनी काहीही वाचायच्या ते फूटपट्टी धरून. टोकियोच्या तोझाई मेट्रो लाईनचं वेळापत्रक असो, की कोणत्या वारी कोणता कचरा बाहेर ठेवायचा त्याचा तक्ता असो. ओळीखाली पट्टी ठेवायची आणि ती ओळ पुरती कळल्याशिवाय पट्टी हलवायची नाही. टोकियोजवळच्या ग्योतोकुच्या दोन खोल्यांत त्या अशाच जपानी शिकल्या. चहाला गेलेल्या आम्हा पुणेकरांनी बाटली चुकीच्या पिशवीत टाकली, तर ती आमच्याच हातांनी बाहेर काढायला लावायच्या.

माझ्या ऑफिसातल्या सीनियरची ही बायको. संख्याशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या, आणि नव्वदच्या दशकात नवऱ्याबरोबर जपानला आलेल्या. आकडे टाइप करायला माणूस हवा होता, म्हणून त्या आमच्याकडे ‘आरुबाइतो’ला, म्हणजे तासांच्या कामाला, लागल्या. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. प्रोग्राम लिहिणारा माणूस टाइप करणाऱ्यापेक्षा शहाणा असतो, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

काम होतं एका डोंगराळ गावाच्या विहिरींचं. तक्त्यात प्रत्येक विहिरीची एक ओळ आणि ओळीत बारा महिन्यांची बारा घरं. प्रत्येक घरात, शेतातल्या खतांमुळे पाण्यात उतरलेल्या नायट्रेटचा त्या महिन्याचा आकडा. माझ्या फोरट्रान प्रोग्रामने प्रत्येक ओळीची सरासरी, कमाल आणि किमान काढायची. सरासरी दहाच्या वर गेली तर ती विहीर बंद. आमचे विभागप्रमुख साकुमा-सान यांना मात्र सगळ्या विहिरींची मिळून महिन्याची सरासरी आवडे, कारण तिचा आलेख देखणा येई. वहिनी नाक मुरडायच्या. “उभ्या बेरजेत सगळं गाव एक होतं, भावजी. पाणी जो तो आपल्या विहिरीचं पितो.”

अहवाल द्यायच्या आदल्या दिवशी दुपारी त्या छापील कागद घेऊन माझ्या टेबलाशी आल्या.

“या ओळीत किमान शून्य आलंय. मी शून्य कुठेच टाइप केलेलं नाही.”

मी हसून म्हणालो, “असेल पाणी स्वच्छ.”

“खत पडलेल्या शेताजवळ? थंडीत बर्फामुळे तिथे गाडी पोचलीच नाही. चार घरं मी रिकामी सोडलीत. तुमचा प्रोग्राम रिकाम्या घराला शून्य समजतो आणि वर बाराने भागतो.”

त्यांनी माझ्यासमोर हिशेब मांडला. आठ महिन्यांची बेरीज एकशे दोन. बाराने भागलं तर साडेआठ, म्हणजे विहीर चांगली. आठाने भागलं तर पावणेतेरा. अशा ओळी आणखीही होत्या.

“वहिनी, हे सांगितलं तर माझं कॉन्ट्रॅक्ट गेलंच. नाही सांगितलं तर कोणाला कळणार आहे?”

“मला कळलंय ना.” आवाज अजिबात चढला नव्हता. “पाचपर्यंत तुम्ही सांगा. पाच वाजून एक मिनिटाने मी सांगेन. माझंही काम जाईल. जाऊ दे.”

मी पाचला दहा मिनिटं असताना उठलो. धैर्य वगैरे काही नाही. त्या खरंच सांगतील याची खात्री होती. मी साकुमा-सान यांना सगळं सांगितलं. मग त्यांनी किती दिवस लागतील एवढंच विचारलं. मी तोंड उघडायच्या आत मागून वहिनींचं मोडकं पण ठणठणीत जपानी ऐकू आलं, “दोन दिवस.” साकुमा-सान यांनी गावाला फोन लावला आणि पलीकडच्या न दिसणाऱ्या माणसाला वाकून वाकून माफी मागितली.

ते दोन दिवस मी प्रोग्रामला भरलेली घरं मोजायला शिकवत होतो आणि शेजारी वहिनी कॅल्क्युलेटर घेऊन एकेक ओळ हाताने काढत होत्या. “दुरुस्ती तुम्हीच करायची. मी फक्त पडताळणार,” हे त्यांनी आधीच बजावलं होतं. शेवटी एकाच ओळीचं उत्तर जुळेना, आणि त्या ओळीत चूक निघाली वहिनींची! मला वाटलं, आता ओशाळतील. त्या टाळी वाजवून म्हणाल्या, “चला, पकडलं मला यंत्राने!” आणि खोडरबर उचललं.

माझं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही. वहिनींचं काम राहिलं, आणि वर माझा प्रोग्रामही त्यांच्याकडे सोपवला गेला. हे मला फार लागलं. मी निघालो त्या दिवशी त्या ग्योतोकु स्टेशनवर चिवड्याचा डबा घेऊन आल्या होत्या. मी डबा घेतला, पण मान वर करून बोललो नाही. पुण्यात कित्येक महिने मी लोकांना सांगत होतो की एका बाईमुळे माझी नोकरी गेली. रिकाम्या घराला शून्य मी धरलं होतं, हे त्यात कधी यायचं नाही.

वर्षभराने त्यांचं पत्र आलं. त्या विहिरी बंद झाल्या होत्या आणि तिथल्या घरांना नळ मिळाले होते. शेवटी लिहिलं होतं, “भावजी, राग गेला का? गेला असेल तर दोन ओळी टाका.”

मी टाकल्या नाहीत. आधी लाजेने, आणि नंतर नुसत्या आळसाने. मागच्या वर्षी त्यांच्या नवऱ्याचा फोन आला, वहिनी गेल्या म्हणून. बोलता बोलता ते म्हणाले, “तुझी आठवण काढायची. विचारायची, अजून रागावलाय का तो?”

राग केव्हाच गेला होता, वहिनी. पत्र आलं त्याच दिवशी, नळाचं वाचलं तेव्हाच.