म्हात्रेकाकांची टिप्पणी

माझ्या पीएचडीमुळे एका माणसाची बदली झाली होती. परवा किहीमला, राहत्या घरी, तो माणूस वारला.

मला कळलं आज. तेही कुणा तिसऱ्याच्याच स्टेटसवरून.

म्हात्रेकाका. अलिबागला एका महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात हेड क्लार्क होते.

माझा विषय होता महामंडळांवरच्या राजकीय नेमणुका आणि त्यांचा रोजच्या कारभारावर होणारा परिणाम. ऐकायला भारदस्त. प्रत्यक्षात मी वर्षभर ऑफिसांच्या बाकांवर बसून "साहेब मीटिंगमध्ये आहेत" एवढंच ऐकत होते.

माझ्याशी बोलले ते एकटे म्हात्रेकाका.

पहिल्याच दिवशी म्हणाले, "तुझा विषय एका ओळीत सांगतो. तिकीट न्हाय मिळालं की खुर्ची मिळते. बाकीची पानं तू भर."

मग मी दर शुक्रवारी जायला लागले.

तेव्हा मी भाड्याच्या खोलीत एकटी राहायचे. आठवडाभरात माझी नीट चौकशी करणारं माणूस म्हणजे तेच. काकाही एकटेच, लग्न केलेलं नाही. पण त्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही. आम्ही अध्यक्षांबद्दल बोलायचो.

सरकार बदललं की अध्यक्ष बदलायचे. पहिला आठवडा हारतुऱ्यांत, दुसरा केबिनचे पडदे निवडण्यात.

फाईल मात्र काकांच्याच टेबलावरून वर जायची. तिच्यावर ते टिप्पणी लिहायचे, म्हणजे प्रकरण काय आहे आणि आपलं मत काय. बाकीचे क्लार्क "मान्यतेस्तव सादर" लिहून मोकळे होतात. काका मत लिहायचे.

एकदा मासळी सुकवायच्या ओट्यांची फाईल आली. ठरलेल्या जागेशेजारी अध्यक्षांच्या माणसाची कॉटेजेस होती. पर्यटकांना सुकटीचा वास नको, म्हणून ओटे खाली खाडीच्या तोंडाशी हलवायचं ठरलं.

काकांनी लिहिलं:

"सदर जागेस भरतीचे पाणी येते. सही करण्यापूर्वी आपण एकदा भरतीच्या वेळी तेथे उभे राहून पाहावे, ही विनंती."

सही झाली. उभं राहायला कुणी गेलं नाही. ओटे बांधून झाले आणि पाण्यात गेले.

ती फाईल काकांनी मला दाखवली. "वाच. पण उतरवू नको गो."

आणि चहा सांगायला खाली गेले.

मी उतरवलं.

प्रबंध काय, कुणी वाचत नाही. पण पुढे मी त्यावर पेपरच्या रविवार पुरवणीत लेख लिहिला. काकांचं नाव बदललं, ऑफिस बदललं, ओट्यांची जेटी केली.

वाक्य तेवढं तसंच ठेवलं. बदलायला हात होईना. आणि खरं सांगायचं तर त्या वाक्याशिवाय माझ्या लेखात काही नव्हतंच.

सरकारी ऑफिसात माणसाचं अक्षर ओळखतात तशी टिप्पणीही ओळखतात. वर्षभर तिथे बसून एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. साहेबाला भरतीच्या पाण्यात उभं राहायला सांगणारा क्लार्क आख्ख्या जिल्ह्यात एकच होता.

पंधरा दिवसांत बदली आली. तळा, जिल्ह्याच्या पार आतल्या बाजूचं गाव. रिटायरमेंटला दोन वर्षं राहिली होती.

जुन्या सहकाऱ्यांनी फोन घेणं बंद केलं. पेपरात देणारा माणूस, कोण बोलणार त्याच्याशी?

मी एकदा तळ्याला गेले. सॉरी म्हणायलाच गेले होते.

एका खोलीचं ऑफिस, एक टेबल. मला बघून काका इतके खूश झाले की मलाच कसंतरी झालं. दुपारी खोलीवर नेऊन भात आणि सुक्या जवळ्याची चटणी वाढली. इथले किस्से सांगायला लागले.

आणि मी, सवयीने, पर्समधून वही काढली.

काका बोलता बोलता थांबले.

"वही राहू दे गो आज."

मी वही आत ठेवली. वर्षभर दर शुक्रवारी तास तास बोलणारी आम्ही दोन माणसं, खाली मान घालून जेवलो.

त्यांनी मला एसटीत बसवून दिलं. सॉरी राहिलंच.

पुन्हा गेले नाही. आधी केल्या कामाची लाज वाटायची, मग इतके दिवस गेले नाही याची. त्यात चार वर्षं गेली.

आज दुपारी किहीमला गेले. घरात त्यांचे पुतणे होते, आणि जुन्या ऑफिसातले शिपाई नारायणदादा. ऑफिसातलं आणखी कुणीही आलेलं नव्हतं.

नारायणदादा मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, तवा चौकशी झाली व्हती, तुमाला म्हाईत हाय?"

मला माहीत नव्हतं.

"मोठे साहेब म्हणले, म्हात्रे, लिहून द्या की बाईंनी चोरून उतरवलं. तुमची बदली रद्द करतो. बाईंचं आमी कॉलेजला कळवतो."

तेव्हा मी कॉलेजला नुकतीच लागले होते. प्रोबेशनवर. एक पत्र पुरलं असतं.

"मग काकांनी काय लिहिलं?"

"खुलासा मीच वर घेऊन गेलतो. वाचला मी. ‘सदर मजकूर मी स्वतः बाईंना उतरवून दिला आहे.’ येवढंच. खाली सही."

अध्यक्षांना न घाबरता खरं लिहिणारा माणूस. नोकरीत पहिल्यांदा खोटं लिहिलं, ते माझी नोकरी राहावी म्हणून. आणि तळ्याला मी समोर बसले होते तेव्हा यातला एक शब्द बोलले नाहीत. भात वाढत राहिले.

काका, मी तुमचं ऐकलं नाही. उतरवलं, छापलं, डॉक्टर झाले. एक माफी तेवढी तोंडावर मागता आली नाही.

आज मागतेय, जिथे तुमचं अकाउंटसुद्धा नाही अशा ठिकाणी.

श्रद्धांजली वाहायचा मला किती हक्क आहे, माहीत नाही. तरी वाहते.

मला माफ करा, काका.