परतबाईची डावी गाठ

परतबाईच्या डाव्या अंगठ्याचं नख कायम हिरवं असायचं. दिवसभर भेंडीची टोकं मोडायची ना! टोक कट्कन तुटलं तर "पास", नुसतं वाकलं तर "परत". आणि ते "परत" असं खणखणीत, की बाहेरचा टेंपोवाला न विचारताच गाडी वळवायला लागायचा. खरं नाव तिच्या नवऱ्यालाही आठवावं लागे.

शेणवे गावाजवळ परदेशी कंपनीची शेड होती. आमची भेंडी विमानानं जायची बाहेरदेशी. मी तिच्यासमोरच्याच टेबलाला. खोकं पास झालं की त्याच्या भोकातून सुतळी ओवून ती डाव्या हातानं एक उलटी गाठ मारायची. आमच्यापैकी कुणाला ती कधी जमली नाही. खरेदीसाहेब हसायचा, "मावशी, खोक्याला गंडा बांधता का?" ती म्हणायची, "मी बघलेला माल मला वळखता यायला पायजे, सायेब."

माल पास व्हावा म्हणून लोक काय काय आणायचे! एकदा तिचा सख्खा भाऊच पाय बांधलेला गावठी कोंबडा घेऊन आला. तिनं त्याची भेंडी मोडली. वाकली. "माल परत, नि कोंबडा बी परत. जेवायला घरी ये रे, मी माझा कापते." भाऊ वर्षभर बोलला नाही. तिनं आपला कोंबडा मात्र राखून ठेवला होता हो, त्याच्यासाठी.

साहेबाचं पोट वेगळं. एका दलालाकडून त्याच्या घरी सगळं पोचायचं, म्हणून आम्ही जेवायला बसलो की त्या दलालाची खोकी न बघताच थंड खोलीत जायची. परतबाईनं तोंडावर विचारलं, तर म्हणाला, "तुम्ही भाकरी खा."

मग एकदा बाहेरदेशात माल नापास झाला. साहेबानं वर कळवलं, परतबाई शेतकऱ्यांकडून खाते. तिला काढलं आणि गेटवर सगळ्यांदेखत तिची पिशवी उलटी केली. मिश्रीची डबी, जुन्या लुगड्याची चिंधी, जर्मनचा डबा. तोही उघडायला लावला. अर्धी भाकरी निघाली. ती रडली नाही. चिंधीची घडी घालत मला म्हणाली, "मला नोकरी नको गो. याच गेटवर त्याची पिशवी उलटी झालेली बघायचीय."

शेडमध्ये पाण्याच्या पिंपामागे एक पाटी होती. कुणाच्या नजरेला पडू नये अशाच जागी लावलेली. मी एसटीच्या पाट्या वाचत अक्षरं शिकलेली बाई. पिंप सरकवलं आणि वाचलं: लाचेची तक्रार इथे करा. नंबर तळहातावर उतरवून घेतला. फोनवरची पोरगी गोड बोलली, "आजी, तुमचं नाव गुप्त राहील." मी म्हटलं, "गुप्त कशाला? मोठ्या अक्षरात लिही."

पंधरा दिवसांत कंपनीच्या मोठ्या मॅडम आल्या, मोबाइलमध्ये त्या मालाचे फोटो घेऊन. परतबाईला घरून बोलावलं. तिनं एकच सांगितलं, "सडक्या खोक्यावर माझी गाठ दाखवा." फोटो मोठे करकरून बघितले. चांगल्या निघालेल्या प्रत्येक खोक्यावर गाठ, सडक्यातल्या एकावरही नाही. मॅडमनी सुतळी पुढे केली. तिनं गाठ मारून दाखवली. "अशी गाठ कुणीही मारील," साहेब म्हणाला, तशी सुतळी त्याच्यापुढे आली. त्याच्या बोटांत तिचा गुंता झाला. आणि सडकी खोकी त्याच दलालाची, ही नोंद निघायला मग वेळ लागला नाही.

"बाई, उद्यापासून कामावर या," मॅडम म्हणाल्या.

"आधी गेट," परतबाई म्हणाली.

साहेबाला काढलं, तेव्हा कंपनीच्या वस्तू काढून घ्यायच्या म्हणून गेटवर त्याची बॅग उघडलीच. लॅपटॉप, किल्ल्या, गोळ्यांची पाकिटं, बायकोनं दिलेला डबा. डबा बघून माझा जीव जरा हलला, खोटं कशाला बोलू? तिचा नाही. "डबा उघडा," ती म्हणाली. "माझा उघडलावता." पोळी-भाजी होती. ती पोटभर बघत उभी राहिली.

गेल्या साली ती गेली. शेवटच्या दुखण्यातही माझ्या हाती सुतळी देऊन म्हणायची, "मार गो गाठ." मला जमली नाही ती नाहीच.

तो साहेब आता धसईच्या बाजारात भाजी विकतो. मी मुद्दाम एसटीनं जाते. त्याच्या ढिगातली भेंडी उचलते, चारचौघांत टोक मोडते. वाकते. "परत!" असं ओरडते, की गिऱ्हाईक वळून बघतं. तो मान खाली घालतो. मला बरं वाटतं.

मागच्या बाजाराला मात्र टोक कट्कन तुटलं. दुसरी घेतली, तीही तुटली. माल कोवळा होता. ओठांवर "परत" आलेलंच होतं, पण त्या शब्दाला खोट लावायची माझी छाती होईना.

"पास," म्हटलं.

घेतली मात्र नाही.