गोल मांडलेल्या खुर्च्या

परदेशात मी राहायचो त्या क्लेमेंटी भागातल्या कम्युनिटी क्लबात दर शनिवारी सकाळी चिनी शिकायला जायचो. वर्गात एक डॅनिश आजी होत्या, मुलाकडे राहायला आलेल्या. सगळ्यांच्या आधी येऊन त्या रांगेतल्या खुर्च्या गोल मांडायच्या. शिकवणाऱ्या बाई आल्या की हसून पुन्हा रांगा लावायच्या. आजी निमूट हातभार लावायच्या. पुढच्या शनिवारी पुन्हा गोल!

एकदा मी वैतागून विचारलं, "कशाला हा खटाटोप?"

"आमच्या गावात म्हातारेसुद्धा असेच गोल बसून काहीबाही शिकतात," त्या म्हणाल्या. "शिकून झालं की गावाचं बोलणं निघतं. पूल कुठे हवा, वाचनालय कधी उघडावं. भांडतोसुद्धा. इथे सगळं छान, आयतं मिळतं. पण मला कुणी काही विचारत नाही."

कोथरूडच्या आमच्या सोसायटीच्या सभेतून बाबा घसा बसवून घरी यायचे, तेव्हा मी हसायचो. ते गेल्यावर फ्लॅट माझ्या नावावर झाला आणि सभेची नोटीस मला ईमेलवर येऊ लागली. मी ती न वाचताच डिलीट करायचो.

त्या शनिवारी घरी येऊन पहिल्यांदाच वाचली. 'पाण्याच्या टाकीबाबत निर्णय घ्यायचा आहे. सर्व सभासदांनी अगत्याने उपस्थित राहावे.'

सभा उद्या सकाळी दहाला होती. कोथरूडला.